हात धुण्याइतका साधा सल्ला



उन्हाळा आला की न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांची समुद्रावर एक तरी चक्कर होतेच. कुणी सँडी हूकला जातात, कुणी पॉइंट प्लेझंटला, कुणी लाँग ब्रँचला. सोबत भेळेचे डबे, थर्मासमध्ये चहा आणि भिजलेल्या मुलांसाठी चार जास्तीचे टॉवेल! आम्ही बहुतेक वेळा लाँग ब्रँचला जातो. तिथल्या एल्बरॉन भागात गारफील्ड नावाचा एक रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर एक छोटासा दगडी स्मृतिस्तंभ आहे. पहिल्यांदा तिथून जाताना आमच्या धाकट्याने विचारले, की गारफील्ड म्हणजे लसान्या खाणारे ते कार्टूनमधले मांजर का? आम्ही सगळे हसलो. पण खरे सांगायचे तर आम्हालाही त्याहून फारसे काही माहीत नव्हते. अमेरिकेचे एक अध्यक्ष होते आणि त्यांच्यावर गोळी झाडली गेली, इतकेच ठाऊक होते.

घरी आल्यावर लायब्ररीतून पुस्तके आणून वाचली. वाचता वाचता लक्षात आले, की या माणसाची गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक असायला हवी. एका गरीब मुलाने चांगला सल्ला ऐकला म्हणून तो देशाच्या सर्वोच्च पदापर्यंत पोचला. आणि त्याच्या भोवतीच्या मोठ्या माणसांनी चांगला सल्ला ऐकला नाही म्हणून तो ४९व्या वर्षी गेला. १९ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने ही गोष्ट तुमच्यापुढे मांडत आहोत.

आईचे ऐकलेला मुलगा

जेम्स अब्राम गारफील्ड यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८३१ रोजी ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळच्या एका खेड्यात झाला. घर म्हणजे लाकडी ओंडक्यांची एक खोपटी. जेम्स दोन वर्षांचेही नव्हते तेव्हा वडील वारले. आई एलायझा यांनी थोडीशी जमीन विकून, उरलेली स्वतः कसून चार मुलांना वाढवले. बायबल हा त्या घरचा रोजचा पाठ होता. आपल्याकडे एखाद्या विधवा माउलीने पोथी वाचत आणि काबाडकष्ट करत मुलांना मोठे केल्याच्या गोष्टी असतात ना, तशीच ही.

जेम्सला मात्र समुद्राचे वेड. सोळाव्या वर्षी घर सोडून तो बोटीवर काम मिळवायला निघाला. जहाजावर कुणी घेईना, म्हणून कालव्यातून माल नेणाऱ्या बोटीवर कामाला लागला. पोहता येत नव्हते आणि पठ्ठ्या सारखा पाण्यात पडायचा! एका रात्री तर बुडता बुडता वाचला. काही आठवड्यांतच हिवतापाने फणफणून घरी परतला आणि पुढे कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहिला.

आईने काय केले? ती रागावली नाही. समुद्राचे नावही काढू नकोस, असेही म्हणाली नाही. तिने एवढेच सुचवले, की आधी शाळेत जा, शिकलास तर हिवाळ्यात मास्तरकी करून पोट भरता येईल आणि मग समुद्रावर जायचे असेल तर खुशाल जा. तिने आणि थोरल्या भावाने मिळून साठवलेले १७ डॉलर त्याच्या हातावर ठेवले. घरात तेवढीच पुंजी होती.

मुलाने ऐकले. १८४९ मध्ये तो शाळेत गेला आणि मग त्याला समुद्राची आठवण झाली नाही. १८५० च्या मार्चमध्ये डिसायपल्स ऑफ क्राइस्ट या पंथात त्याचा बाप्तिस्मा झाला. दुसऱ्या वर्षी हायरम गावच्या संस्थेत त्याने प्रवेश घेतला. फीला पैसे नव्हते, म्हणून तो तिथे झाडूवाला झाला. खोल्या झाडायच्या, घंटा वाजवायची आणि उरलेल्या वेळात लॅटिन-ग्रीक शिकायचे. वर्षभरातच तो तिथे शिकवू लागला. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजातून १८५६ मध्ये पदवी घेऊन परत आला आणि वयाच्या पंचविशीत, जिथे झाडू मारला त्याच संस्थेचा प्रमुख झाला!

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८५८ मध्ये ल्युक्रीशिया रुडॉल्फ यांच्याशी विवाह. रविवारी चर्चमध्ये प्रवचने. गुलामगिरीला कडाडून विरोध. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढाई आणि जनरलचा हुद्दा. मग सलग १७ वर्षे काँग्रेसमध्ये. संसदेच्या धकाधकीत असतानाही त्यांनी पायथागोरसच्या सिद्धांताची एक स्वतंत्र सिद्धता शोधली आणि ती १८७६ मध्ये छापूनही आली. घरी भूमिती शिकणारी मुले असतील तर त्यांना जरूर दाखवा. दोन सारखे त्रिकोण आणि एक समलंब चौकोन एवढ्यावर ती उभी आहे.

१८८० मध्ये शिकागोत रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन भरले. गारफील्ड तिथे दुसऱ्याच उमेदवाराचे नाव सुचवायला गेले होते. मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, कुणालाच बहुमत मिळेना. शेवटी ३६व्या फेरीत उमेदवारी त्यांच्याच गळ्यात पडली! ४ मार्च १८८१ रोजी त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. ओंडक्यांच्या खोपटीत मुलांना वाढवणारी आई तेव्हा समोर बसलेली होती.

फिलाडेल्फियातले एक भाषण

आता थोडे मागे, १८७६ सालात जाऊ. देशाला शंभर वर्षे पुरी झाली म्हणून फिलाडेल्फियात मोठे प्रदर्शन भरले होते. त्याच प्रदर्शनात ग्रॅहम बेल यांनी आपला नवा टेलिफोन दाखवला. आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, त्याच शहरात, जगभरच्या डॉक्टरांची परिषद झाली. त्या परिषदेला इंग्लंडचे सर्जन जोसेफ लिस्टर मुद्दाम आले होते.

लिस्टर क्वेकर पंथाच्या ख्रिस्ती घरात वाढलेले, शांत स्वभावाचे गृहस्थ. त्या काळी ऑपरेशन यशस्वी व्हायचे, पण रोगी पुढे जखम चिघळून मरायचा. लिस्टर यांचे म्हणणे असे, की जखम सडते ती हवेच्या दोषाने नव्हे, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे. म्हणून सर्जनने आपले हात, हत्यारे आणि पट्ट्या कार्बोलिक ॲसिडने धुतल्या पाहिजेत. १८६७ मध्येच त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले होते आणि युरोपात कितीतरी इस्पितळांत त्याचा गुण येत होता.

फिलाडेल्फियात लिस्टर तासन्‌तास बोलले. अमेरिकेतले नामांकित सर्जन समोर बसले होते. बहुतेकांनी ऐकले, मान डोलावली आणि सोडून दिले. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? शिवाय एवढी वर्षे हजारो ऑपरेशने केलेल्या माणसाला हात धुवायला सांगायचे म्हणजे काय! रक्ताने कडक झालेला कोट हा त्या काळी अनुभवाचा पुरावा समजला जाई.

सगळ्यांनीच कान बंद केले नाहीत. फिलाडेल्फियाचे एक तरुण सर्जन, डॉ. विल्यम कीन, ते भाषण ऐकून परतले आणि त्याच वर्षी त्यांनी आपल्या इस्पितळात लिस्टर यांची पद्धत सुरू केली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

२ जुलै १८८१

शपथविधीला चार महिने झाले होते. शनिवारची सकाळ होती. गारफील्ड आपल्या जुन्या कॉलेजच्या समारंभाला निघाले होते. दोन मुलगे सोबत होते. वॉशिंग्टनचे ते रेल्वे स्टेशन आता नाही, त्या जागी आज नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट आहे. स्टेशनात शिरताच चार्ल्स गिटो नावाच्या माणसाने मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली, दुसरी पाठीत घुसली.

अध्यक्षांबरोबर एकही पहारेकरी नव्हता. १६ वर्षांपूर्वी लिंकन यांचा खून होऊनही तशी पद्धत पडलेली नव्हती. गारफील्ड यांचे स्वतःचे मत असे, की खून हा वीज पडण्यासारखा आहे, त्यापासून जपून राहता येत नाही आणि त्याची काळजी करण्यात अर्थही नाही. ही त्यांची चूक होती, हे आपण मान्य करायला हवे. देवावर भरवसा ठेवणे वेगळे आणि दाराला कडी न लावणे वेगळे.

आणि तो गिटो? सरकारी नोकरी मिळावी म्हणून तो महिनोन्‌महिने खेटे घालत होता. त्याचे डोके ठिकाणावर नाही हे त्याच्या घरच्यांना कित्येक वर्षांपूर्वीच कळले होते. १८७५ मध्ये त्याला तपासणाऱ्या डॉक्टरने त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा असे सांगितले होते, पण त्याआधीच तो पसार झाला. अध्यक्षांना मारण्याची आज्ञा आपल्याला देवाने दिली, असे तो शेवटपर्यंत सांगत राहिला. ख्रिस्ती शिकवणीत मनातला प्रत्येक आवाज देवाचा मानायला सांगितलेले नाही. उलट, तो पारखून घ्या, चार शहाण्या माणसांना विचारा, असेच नीतिसूत्रांच्या पुस्तकात पुन्हा पुन्हा येते. गिटोने आयुष्यभर एकाच माणसाचा सल्ला घेतला, तो म्हणजे स्वतःचा.

ज्यांचे ऐकले नाही

खरे तर ती गोळी जीवघेणी नव्हती. ती मणक्यातून गेली, पण मज्जारज्जूला लागली नाही. हृदय, फुप्फुसे, मोठ्या रक्तवाहिन्या यांतले काहीही तिने फोडले नव्हते. डाव्या बाजूला स्वादुपिंडाजवळ जाऊन ती थांबली. यादवी युद्धातले कितीतरी शिपाई अंगात गोळ्या घेऊन म्हातारे होईपर्यंत जगले होते.

पण बघता बघता स्टेशनात आठ-दहा डॉक्टर जमले. पहिल्याने न धुतलेले बोट जखमेत घालून गोळी शोधली. मग डॉ. ब्लिस आले. युद्धात काम केलेले, शहरातले बडे सर्जन. त्यांनीही स्टेशनच्या त्या अस्वच्छ गादीवरच आधी सळई आणि मग बोट जखमेत घातले. हात कुणीच धुतले नाहीत.

जमलेल्या डॉक्टरांत डॉ. चार्ल्स पर्व्हिस हेही होते. फ्रीडमन्स हॉस्पिटलचे सर्जन, आणि कृष्णवर्णीय. त्यांनी रोग्याला ब्लँकेटे आणि गरम पाण्याच्या बाटल्या द्यायला सांगितले, आणि हे चाचपणे आता थांबवा असेही ब्लिस यांना सुचवले. ब्लिस यांनी लक्ष दिले नाही.

व्हाइट हाउसमध्ये हलवल्यावर ब्लिस यांनी सगळी सूत्रे हाती घेतली आणि बाकीच्या बहुतेक डॉक्टरांना घरी पाठवले. त्यात डॉ. सुझन एडसन होत्या. ल्युक्रीशियाबाईंना त्याच वसंतात जबर हिवताप झाला होता, तेव्हा एडसन यांनीच त्यांना बरे केले होते. पण त्या पडल्या बाई, शिवाय होमिओपॅथ. बाईसाहेबांच्या आग्रहामुळे त्यांना राहू दिले, पण नर्स म्हणून! अध्यक्षांचे चुलत भाऊ डॉ. बॉयंटन यांचीही तीच गत झाली. रक्तात विष पसरते आहे हे बॉयंटन यांना दिसत होते, त्यांनी ते वर्तमानपत्रांनाही सांगितले. ब्लिस यांची पत्रके मात्र रोज सांगत राहिली, की प्रकृती सुधारत आहे.

मग ग्रॅहम बेल आले. शरीरात अडकलेला धातू ओळखणारे एक यंत्र त्यांनी रात्रंदिवस खपून तयार केले आणि दोनदा व्हाइट हाउसमध्ये आणले. गोळी उजव्या बाजूला आहे असे ब्लिस यांनी आधीच जाहीर केले होते. त्यामुळे त्यांनी बेल यांना फक्त उजवीच बाजू तपासू दिली. त्यात रोग्याच्या गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, त्यांनी यंत्राचा गोंधळ केला. गोळी सापडली नाही. ती डावीकडे होती, तिथे कुणी पाहिलेच नाही.

मंडळी, ही सगळी नावे एकदा पुन्हा वाचा. परदेशी पाहुणा, काळा डॉक्टर, बाई डॉक्टर, गावाकडचा भाऊ, टेलिफोनवाला. योग्य सल्ल्याची कमतरता त्या घरात कधीच नव्हती. सल्ला देणाऱ्यांची पायरी मात्र ब्लिस यांच्या नजरेत खालची होती.

एल्बरॉनचा समुद्र

जुलै गेला, ऑगस्ट गेला. वॉशिंग्टनचा उकाडा असह्य झाला. नौदलाच्या इंजिनियरांनी बर्फावरून हवा खेळवून खोली गार ठेवण्याची युक्ती केली. आजच्या एअर कंडिशनिंगची ती आजीच म्हणायची. जखमेत मात्र पू साचतच होता आणि डॉक्टरांची बोटे, सळया, कातऱ्या चालूच होत्या. २१० पौंडांचे ते भरदार शरीर १३० पौंडांवर आले. गारफील्ड यांनी तक्रार केली नाही. भेटायला आलेल्यांशी ते हसून बोलत. आणि समुद्र पाहायचाय, एवढेच मागत.

६ सप्टेंबरला त्यांना खास रेल्वेने एल्बरॉनला आणले. स्टेशनापासून समुद्रकाठच्या बंगल्यापर्यंत गाडी थेट जावी, रोग्याला धक्का बसू नये, म्हणून गावकऱ्यांनी आणि मजुरांनी एका रात्रीत सुमारे ३,२०० फूट रूळ टाकले. शेवटच्या चढावर इंजिन अडले, तेव्हा माणसांनी डबे हातांनी ढकलत वर नेले. पुढे त्या रुळांखालच्या लाकडांतून एक छोटी खोली बांधली गेली. ती लाँग ब्रँचच्या एका जुन्या चर्चच्या आवारात ठेवली आहे. आम्ही ती पाहिली तेव्हा घसा दाटून आला. ज्या लोकांनी रात्रभर रूळ टाकले त्यांना वैद्यकशास्त्र कळत नव्हते, पण सेवा कळत होती.

जेम्सला लहानपणी हवा असलेला समुद्र शेवटी असा खिडकीतून भेटला. १९ सप्टेंबर १८८१ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास, गोळी लागल्यापासून ७९व्या दिवशी, ते गेले. अध्यक्षपद जेमतेम दोनशे दिवस मिळाले, त्यातले ७९ अंथरुणात.

दुसऱ्या दिवशी शवविच्छेदन झाले. गोळी डावीकडे, शरीराने स्वतःच तयार केलेल्या आवरणात शांत पडून होती. आणि डॉक्टर ज्याला गोळीचा मार्ग समजत होते, ती पाठीपासून जांघेकडे गेलेली पुवाची वाट होती. शेवटच्या क्षणी मृत्यू नेमका कशाने आला यावर डॉक्टर अजूनही वाद घालतात. पण न धुतलेल्या हातांनी जखम विषारी केली, याबद्दल फारसे दुमत उरलेले नाही. खटल्यात गिटोने तर आपण फक्त गोळी मारली, जीव डॉक्टरांनी घेतला, असाच बचाव केला. तो काही सुटला नाही. ३० जून १८८२ रोजी त्याला फाशी झाली. डॉ. ब्लिस यांनी सरकारकडे २५,००० डॉलरचे बिल लावले. काँग्रेसने ६,५०० देऊ केले, ते त्यांनी नाकारले.

नामान सेनापतीची गोष्ट

गारफील्ड स्वतः प्रवचनकार होते, तेव्हा बायबलमधली नामानाची गोष्ट त्यांना नक्कीच पाठ असणार. आपल्यापैकी बऱ्याच जणांना ती ठाऊक नसेल म्हणून सांगतो.

नामान हा अराम देशाचा मोठा सेनापती. पण त्याला कोड झाले होते. त्याच्या घरी लढाईत पकडून आणलेली एक इस्राएली पोर मोलकरीण होती. तिने बाईसाहेबांना सांगितले, की आमच्या देशात एक संदेष्टा आहे, तो धन्याला बरे करील. नामान रथ, घोडे, सोने-चांदी घेऊन अलीशा संदेष्ट्याच्या दारी गेला. अलीशा बाहेरही आला नाही. त्याने निरोप पाठवला, यार्देन नदीत सात वेळा अंग धुऊन ये. सेनापती संतापला. हे काय औषध झाले? आमच्या दमास्कसच्या नद्या याहून कितीतरी चांगल्या! तो परत निघाला. तेव्हा त्याच्या नोकरांनी हात जोडून म्हटले, की संदेष्ट्याने काही अवघड सांगितले असते तर आपण केलेच असते ना, मग एवढे सोपे सांगितले ते करून बघायला काय हरकत आहे? नामानाने नोकरांचे ऐकले, नदीत उतरला आणि बरा झाला.

येशू ख्रिस्तानेही आपल्या गावी, नाझरेथच्या सभास्थानात, या नामानाची आठवण काढली होती, आणि गावकऱ्यांनी त्याचे न ऐकता त्याला गावाबाहेर काढले होते. ख्रिस्ती लोक ही गोष्ट नम्रतेची म्हणून वाचतात. देव आपले म्हणणे मोठ्यांच्याच तोंडून सांगेल असे नाही, कधी मोलकरणीच्या तोंडूनही सांगतो. आपल्याला यात विदुर आठवेल. दासीपुत्र म्हणून ज्याच्या शब्दाला धृतराष्ट्राच्या दरबारी किंमत उरली नाही, त्याचेच म्हणणे शेवटी खरे ठरले.

एक फरक मात्र आहे. नामान ऐकता ना, तर किंमत त्याने स्वतःच मोजली असती. लिस्टर यांचे भाषण फिलाडेल्फियातल्या सर्जनांनी कानाआड केले, त्याची किंमत त्यांनी मोजली नाही. ती पाच वर्षांनी एका रोग्याने मोजली. न ऐकलेल्या सल्ल्याचे बिल बहुतेक वेळा असे दुसऱ्याच्याच पत्त्यावर जाते.

ज्यांनी ऐकले

डॉ. कीन आठवतात ना? १८८४ पासून ते फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवत होते. आपल्या आनंदीबाई जोशी याच कॉलेजात, याच वर्षांत शिकत होत्या. गारफील्ड गेल्यानंतर दोन वर्षांच्या आत त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. ज्या देशाने डॉ. एडसन यांना नर्स करून ठेवले, त्याच देशात बायकांना डॉक्टर करणारेही एक दार उघडे होते, आणि त्यातून एक मराठी मुलगी आत गेली.

पुढे १ जुलै १८९३ रोजी अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या तोंडातली गाठ एका बोटीवर गुपचूप ऑपरेशन करून काढली. त्या डॉक्टरांत कीन होते. हत्यारे उकळून घेतलेली होती. जखम भरून आली आणि क्लीव्हलंड १९०८ पर्यंत जगले. दोन घटनांमध्ये बारा वर्षे गेली होती. बदलले होते ते एवढेच, की आता हात धुतले जात होते.

आमच्या घरचा नळ

शेवटी आमचीच एक गोष्ट सांगतो, म्हणजे ब्लिस यांच्यावर बोट रोखताना उरलेली बोटे कुणाकडे आहेत ते कळेल. अमेरिकेत आमचा पहिलाच हिवाळा होता. अपार्टमेंटची झाडलोट करणारे वयस्क गृहस्थ मोडक्या इंग्रजीत सांगून गेले, की आज रात्री फार गारठा आहे, बाहेरच्या भिंतीकडचा नळ थेंब थेंब चालू ठेवा. आम्ही दोघेही इंजिनियर! पाणी वाया घालवा असे सांगणारा हा कोण, असे मनात म्हणून नळ घट्ट बंद करून झोपलो. पहाटे पाइप फुटला. आमचे फारसे काही बिघडले नाही. पाणी गेले ते खालच्या मजल्यावर, एकट्या राहणाऱ्या आजींच्या घरात. त्यांचा गालिचा गेला आणि त्यावर ठेवलेली जुन्या फोटोंची पेटीही भिजली. गालिच्याचे पैसे आम्ही दिले. फोटोंचे काय देणार?

ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पाणी पुसायला आले. सांगितले होते ना, असे एका शब्दाने म्हणाले नाहीत.

गारफील्ड यांच्याबद्दल वाचताना, हायरमच्या शाळेत झाडू मारणारा तो मुलगा समोर आला की आम्हाला हे गृहस्थ आठवतात. आपण इथे शिकून-सवरून आलो, पदे मिळवली, घरे घेतली. सल्ला देणारे मात्र आपल्याभोवती पूर्वीसारखेच आहेत. भारतातून आलेले आई-वडील, ऑफिसातला साफसफाईवाला, हॉस्पिटलमधली नर्स, आपलीच सोळा वर्षांची मुलगी. त्यांचे सगळेच बरोबर असते असे नाही. पण बोलणारा कोण आहे हे पाहण्याआधी, तो काय म्हणतो ते एकदा ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी लाँग ब्रँचला गेलात तर दहा मिनिटे काढून तो स्मृतिस्तंभ पाहून या. मुलांना गोष्ट सांगा. आणि परत येऊन भेळ खाण्याआधी... हात धुवा!